थंड चाक

आर्नफिनचा माणसांच्या बोलण्यावर फारसा भरवसा नव्हता. हाताला लागेल ते खरं, असा त्याचा खाक्या. हाम्नेसच्या फेरी धक्क्याशेजारच्या गॅरेजात त्याचं सगळं आयुष्य गेलं, आणि तिथे गिऱ्हाईक बोलायला लागलं की हा गाडीखाली सरकायचा. "बोल तू, मी ऐकतोय," असं खालून म्हणायचा आणि ऐकत काही नसायचा. गाडी खोटं बोलत नाही, माणसं मात्र पन्नास गोष्टी सांगतात, हे तो इतक्यांदा म्हणाला होता की आम्हीही ते मानून टाकलं. का मानू नये? फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या आमच्या खाडीच्या, दोन्ही काठांवर मिळून असा हात दुसरा नव्हता. रस्त्यावरच्या मिठाने खाल्लेले बोल्ट तो असे सोडवायचा, की बघणाऱ्याला वाटावं ते आपणहून निघाले. वॉरंटीतल्या गाडीबद्दल आर्नफिन "दोष आहे" म्हणाला की कंपनी मुकाट्याने सुटे भाग पाठवायची. तो "दोष नाही" म्हणाला की विषय संपला.

हा मान त्याला आवडायचा. कुणाला आवडत नाही?

अशा माणसाकडे ऐन हिवाळ्यात ओस्मुंद आपली गाडी घेऊन आला.

ओस्मुंदला ओळखत नाही असा माणूस आमच्याकडे सापडणार नाही. फेरीबोटीवर गाड्या लावून घ्यायच्या कामात त्याने उमेदीची वर्षं घालवली. पिवळा कोट, लाल नाक, आणि प्रत्येक काचेवर टकटक करून विचारलेला एकच प्रश्न, "हँडब्रेक ओढलास का?" पाद्री असो, नगराध्यक्ष असो, सगळ्यांना तोच. निवृत्त झाला, बायको गेली, आणि तो पलीकडच्या काठावर, ब्रात्लीच्या घाटमाथ्यावरच्या घरात एकटा राहू लागला. तिथे वर बस जात नाही. दुकान, डॉक्टर, चर्च, बोलायला माणूस, सगळं खाली. त्यामुळे गाडी होती तोवर ओस्मुंदचं वरचं घर होतं, इतका सरळ हिशोब होता. गाडी विजेवरची, जेमतेम दोन वर्षांची, त्याच्या मुलीने, विग्दिसने, घ्यायला लावलेली.

"गाडी धरते," ओस्मुंद म्हणाला. "घाट उतरून खाली आलो की कुणीतरी मागून दोर बांधून ओढतंय असं वाटतं. आणि जळका वास येतो. पुढून, उजवीकडून."

"आत्ता येतोय का?"

"आत्ता कुठे? आत्ता लोण्यासारखी चालतेय. पलीकडे धक्क्यावर पोचतो तेव्हा येतो. मग फेरी पकडतो, आणि इकडे उतरलो की काही नाही."

"काही नाही?"

"काही नाही म्हणजे काही नाही. म्हणून तर आलो ना तुझ्याकडे."

आर्नफिनने गाडी लिफ्टवर घेतली. उजवं पुढचं चाक हाताने फिरवलं, ते फिरलं. हात टेकवून बघितला, चाक थंडगार. चारही तशीच. मग चाक काढून कॅलिपर बघितला. चाकामागच्या लोखंडी चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा हा जबडा दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. त्याने ढकलला, तो सरकला. जरासा जड वाटला, पण आमच्याकडे हिवाळ्यात सगळंच जड असतं. मग फ्योर्डच्या काठाकाठाने चर्चपर्यंत चक्कर मारली, सपाट रस्त्यावर चार वेळा कचकन ब्रेक दाबून बघितले.

"काही सापडलं नाही," त्याने सांगितलं.

"बरं," ओस्मुंद म्हणाला. "तू बघितलंस म्हणजे झालं."

बर्फ वितळायच्या आत तो पुन्हा आला. तीच तक्रार, तेच थंड चाक. या वेळी काउंटरवरच्या माणसाला चेव आला. "ओस्मुंद, अरे घरी चुलीवर काहीतरी ठेवून विसरतोस तू. करपतं तिकडे आणि वास येतो तुला गाडीत." गॅरेजभर हसू फुटलं. ओस्मुंदही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

आर्नफिन हसला नाही. तो लिफ्टखालून बाहेर आला आणि त्याने गंभीरपणे विचारलं, "गाडी चालवताना डावा पाय कुठे असतो तुझा?"

"म्हणजे?"

"क्लच नाही, दोनच पेडल आहेत. कधी कधी जुन्या माणसांचा डावा पाय सवयीने ब्रेकवर जातो. कळत नाही त्यांना."

ओस्मुंदने त्याच्याकडे बघितलं, मग आपल्या बुटांकडे. "माझा पाय कुठे आहे ते मला कळतं, पोरा," तो म्हणाला. पण घरी जाताना तो म्हणे अख्खा घाट डावा पाय सीटखाली दुमडून चढला. हे त्यानेच नंतर राग्नाला सांगितलं.

राग्ना आर्नफिनची बायको. फेरीवर वरच्या दालनात कॉफी आणि स्वेले विकते. स्वेले म्हणजे जाड, गोडसर धिरडं. त्यावर लोणी आणि तपकिरी चीज घालून घडी केली की आमचा फ्योर्ड ओलांडायचा पाऊण तास निघून जातो. फेरी सुटली की खाली गाड्यांपाशी कुणी थांबत नाही. थांबायचं नसतंच, तसा नियम आहे, आणि नियम नसता तरी त्या वाऱ्यात कोण थांबेल? सगळी माणसं वर, राग्नाच्या पुढ्यात. त्यामुळे दोन्ही काठांच्या सगळ्या बातम्या तिच्याकडे ताज्या पोचतात.

ओस्मुंदची बर्फाची बातमीही अशीच पोचली. घाटातल्या खालच्या वळणावरच्या शेजाऱ्याने त्याला बघितलं होतं. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी, दिवे चालू, आणि ओस्मुंद फावड्याने बर्फ उचलून चाकावर टाकतोय. शेजाऱ्याने विचारलं तर म्हणाला, चाकातून धूर निघत होता. शेजाऱ्याने वाकून बघितलं. चाक बर्फाने भरलेलं, धूर नाही, काही नाही.

"सगळ्या दालनात हाच विषय," राग्नाने घरी ताटं मांडता मांडता सांगितलं. "लोकं बर्फ काढतात, हा घालतोय. हसत होते मेले."

"तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? पण आर्नफिन, त्या माणसाने सगळा जन्म गाड्यांच्या गर्दीत काढला. इंजिनाच्या आवाजावरून गाडी कुणाची ते सांगायचा. धूर आणि वाफ यातला फरक त्याला कळत नसेल?"

"म्हातारपण आहे, राग्ना."

"तुला सापडलं नाही म्हणून म्हातारपण?"

तो उकडलेल्या बटाट्याची सालं काढत राहिला. तिचं बोलणं त्याला झोंबलं होतं. 

तिसऱ्या वेळी विग्दिस बरोबर आली. ओस्मुंद बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला आणि गाडी बघून झाल्यावर ती आर्नफिनला बाजूला घेऊन गेली. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगतो. बापाच्या काळजीने तिची झोप उडाली होती. त्या घाटाला एका बाजूने कडा आहे आणि दुसऱ्या बाजूने सरळ पाणी.

"मला खरं खरं सांग," ती म्हणाली. "गाडीत काही आहे का?"

"मी तीन वेळा बघितली. मला काही सापडलं नाही."

"म्हणजे नाही."

"मला सापडलं नाही."

"मग बाबाच ब्रेकवर पाय ठेवून चालवत असतील? आणि त्यांना कळतच नसेल?"

इथे आर्नफिन गप्प बसला असता तरी चाललं असतं. "एकदा मी स्वतः पलीकडे येऊन घाट उतरून बघतो," एवढं म्हणाला असता तर फारच चाललं असतं. पण त्यात अर्धा दिवस मोडणार, गॅरेजात गाड्यांची रांग, आणि मुख्य म्हणजे आपल्या हाताला जे लागलं नाही ते असेल, हे कबूल करावं लागणार.

"असू शकतं," तो म्हणाला.

त्या दोन शब्दांचं पुढे काय काय झालं बघा. विग्दिसने ते डॉक्टरला सांगितले. ओस्मुंदला ऐंशी पुरी होत आली होती, परवान्यासाठी तपासणी व्हायचीच होती. डॉक्टरने घड्याळाचं चित्र काढायला लावलं, ते त्याने बरोबर काढलं. शब्द लक्षात ठेवायला लावले, ते ठेवले. मग डॉक्टरने विचारलं, "आणि तो वास? तो अजून येतो?" ओस्मुंदने आधी विग्दिसकडे बघितलं, असं ती सांगते. मग म्हणाला, "आर्नफिनने तीनदा बघितली गाडी. त्याला काही सापडलं नाही. म्हणजे दोष माझ्यातच असणार." आणि परवाना त्याने स्वतःच टेबलावर ठेवला. कुणी मागितला नव्हता.

पुढचं ओघाने आलं. परवाना नाही म्हणजे गाडी नाही, गाडी नाही म्हणजे वरचं घर नाही. शरद सरता सरता तो हाम्नेसच्या वृद्धाश्रमात राहायला आला. वरचं घर बर्गनच्या कुणा कुटुंबाने उन्हाळ्यात येऊन राहायला विकत घेतलं. राग्ना त्या आठवड्यात नवऱ्याशी कामापुरतंच बोलली.

"मी त्याला वेडा म्हटलं नव्हतं," एकदा आर्नफिन न राहवून म्हणाला.

"नाही म्हटलंस," राग्ना म्हणाली. "तू काहीच म्हणत नाहीस कधी. लोकं मग आपापलं समजून घेतात."

घराच्या किल्ल्या द्यायच्या आधी विग्दिसने आर्नफिनला गाडी खाली आणून द्यायची विनंती केली. तिलाच ती वापरायची होती, फक्त ब्रात्लीचा घाट उतरवायचा तिला धीर होत नव्हता. आर्नफिन फेरीने पलीकडे गेला, कुणाच्या तरी गाडीतून वर पोचला. ओस्मुंदची गाडी अंगणात चार्जिंगला लावलेली होती, बॅटरी काठोकाठ भरलेली. म्हाताऱ्याची ती सवयच होती, टाकी भरलेली असली की झोप लागते म्हणायचा. इथे आर्नफिनच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. या गाड्या उतारावर ब्रेकने थांबत नाहीत, मोटरच त्यांना मागे धरते आणि त्यातून वीज बनवून बॅटरीत भरते. पण बॅटरी आधीच भरलेली असेल तर वीज जाणार कुठे? मग मोटर हात वर करते आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. रोज सकाळी, घाटमाथ्यावरून, भरल्या बॅटरीने.

तिसऱ्या वळणावर गाडीने धरलं. ब्रेकवरून पाय काढला तरी ती पुढे जायला तयार नव्हती. मागून दोर बांधून ओढल्यासारखं, अगदी तसंच. चौथ्या वळणावर वास आला. आर्नफिनने खाली बघितलं, आपला डावा पाय कुठे आहे ते. तो चटईवर होता. धक्क्यावर पोचला तेव्हा उजव्या पुढच्या चाकातून धूर निघत होता. तो उतरला, चाकाशी वाकला, आणि काय करतोय ते कळायच्या आत रस्त्याकडेचा बर्फ त्याने ओंजळीत घेतला होता.

त्याने तो टाकला नाही. ओंजळ तशीच धरून उभा राहिला, बोटं बधिर होईपर्यंत.

फेरी लागली. गाडी चढवली, हँडब्रेक ओढला. "वर जा, कॉफी घे," खलाशी म्हणाला. आर्नफिनने नकारार्थी मान हलवली आणि तो चाकाशी गुडघे टेकून बसला. खलाशाने दोनदा हटकलं, मग शेवटी वर जाऊन राग्नाला बोलावून आणलं.

"हे काय?" राग्ना एप्रनवरच खाली आली. "न्यूमोनिया करून घ्यायचाय का?"

"हात लाव."

तिने चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. "आई गं. हे तर भाजतंय."

"थांब इथेच."

ती थांबली. नोव्हेंबरचा वारा गाड्यांच्या मधून सुसाट येत होता. थोड्या वेळाने त्याने पुन्हा तिचा हात चाकावर ठेवला, आता तो टेकवता आला. हाम्नेसचे दिवे दिसायला लागले तेव्हा चाक कोमट होतं. धक्क्यावर उतरायची फळी खाली पडली तेव्हा त्याने एक हात या चाकावर ठेवला आणि एक शेजारच्या गाडीच्या चाकावर. दोन्ही सारखीच थंड होती.

"तो दर वेळी माझ्याकडे वर यायचा," राग्ना म्हणाली. "दोन स्वेले घ्यायचा. मी म्हणायचे, बस रे निवांत, आर्नफिन बघेल गाडी. आणि तेवढ्यात हे इथे निवत होतं."

आर्नफिन गाडीत बसला आणि त्याने हँडब्रेक सोडला. 

गॅरेजात त्याने कॅलिपरची खालची पिन उपसली. पिनेवर रबराची बाही असते, आणि कारखान्यात कुणीतरी तिला चुकीचं ग्रीस फासलं होतं. रबर ते पिऊन फुगलं होतं. थंडीत पिन जेमतेम सरकायची, तापली की भोकात घट्ट बसायची. आर्नफिनने कॉफीची किटली आणून उकळतं पाणी ओतून बघितलं. पिन अशी रुतली की हातोडीशिवाय निघेना. दोष आहे, असं त्याने कंपनीला कळवलं आणि कंपनीने मुकाट्याने दोन्ही बाजूंचे नवे कॅलिपर पाठवले. ते त्याने बसवले, योग्य ग्रीस लावलं, ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढली. तीन वेळा न झालेलं काम अर्ध्या दिवसात झालं. मग विग्दिसला फोन केला. 

"घर गेलं आता," ती म्हणाली. "त्यांना तू सांग. माझ्याने नाही सांगवणार."

शनिवारी दुपारी आर्नफिन वृद्धाश्रमात गेला. शनिवारी तिथे वॉफल असतात, विजेच्या साच्यात भाजलेली जाळीदार धिरडी. ओस्मुंद खिडकीपाशी बसला होता, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. खिडकीतून फेरी दिसत होती.

"अरे, आर्नफिन. कॉफी झाली का तुझी?" मग जवळून जाणाऱ्या नर्सला त्याने विचारलं, "माझी झाली का गं?" ती म्हणाली झाली. त्याने मान डोलावली. "हल्ली विचारून घेतो मी," तो म्हणाला. "बरं पडतं."

आर्नफिनने सांगितलं. आयुष्यात इतकं सलग तो कधी बोलला नसेल. घाट, भरलेली बॅटरी, धूर, फेरीवर निवलेलं चाक, सगळं. ओस्मुंद लक्ष देऊन ऐकत होता. मध्येच एकदा त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली, मग परत खिडकीकडे. आर्नफिनने खिशातून ती पिन काढून त्याच्या तळहातावर ठेवली. म्हाताऱ्याचा अंगठा आपोआप रबरावरून फिरला.

"फुगलंय हे."

"हो."

"चुकीचं ग्रीस."

"हो, ओस्मुंद. हो."

"कुणाच्या गाडीचं?"

"तुझ्या."

ओस्मुंदने पिन टेबलावर ठेवली, घरंगळू नये म्हणून बशीला टेकवून. "तुला विग्दिसने पाठवलं," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "चांगली आहे पोर. तूही चांगला आहेस. पण माझ्या गाडीला काही झालं नव्हतं. तू तीनदा बघितलीस."

"मी चुकलो. ऐक माझं. मला थंड चाक मिळायचं, मी चुकलो."

"तू कुठला चुकतोस?" ओस्मुंद हसला, आणि त्या हसण्यात रागाचा लवलेश नव्हता. तो असता तर आर्नफिनला सोसवला असता. "मला सुरुवातीला जड गेलं, खोटं का बोलू? आता सवय झाली. कुठली गोष्ट आहे आणि कुठली नाही, ते दुसऱ्याला विचारायचं. एवढंच."

 दोघं फेरीकडे बघत बसले. काही वेळाने आर्नफिनच्या नाकाला काहीतरी जाणवलं.

"काहीतरी जळतंय का रे?" त्याने विचारलं.

"मला विचारू नकोस," ओस्मुंद म्हणाला. "मला नसलेले वास येतात."

स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून धुराची पातळ रेघ छताकडे चढत होती. आर्नफिन उठून धावला, मागोमाग नर्स धावली, कुणीतरी वॉफलच्या साच्याची वायर उपटली, आणि धुराचा भोंगा वाजायला लागला. ओस्मुंद जागेवरून हलला नाही. हात मांडीवर ठेवून तो वाट बघत होता, कुणीतरी येऊन सांगेल म्हणून.